हातातला मोबाईल काढून घेतलात, ठीक. आता कॅमेरा द्या

प्रति,
मा. परिवहन मंत्री, मा. गृहमंत्री आणि मा. अपर पोलीस महासंचालक (वाहतूक),
महाराष्ट्र राज्य

महोदय,

तेहतीस वर्षं पोलीस खात्यात काढली. त्यातली शेवटची चौदा वाहतूक शाखेत, उभ्याउभ्या. सहायक पोलीस उपनिरीक्षक म्हणून निवृत्त झालो. शहराचं नाव लिहीत नाही; ओळखणारे ओळखतील, आणि न ओळखणाऱ्यांनी आपलंच शहर समजावं, फार चुकणार नाही. नोकरीत असताना हे पत्र लिहिता आलं नसतं, वर्तणूक नियम आडवे आले असते. आता पेन्शन सुरू आहे, गुडघे गेलेत आणि वेळ आहे.

पत्राला निमित्त झालं ते जुलै २०२५ मधलं परिपत्रक. वाहतूक पोलिसांनी स्वतःच्या खासगी मोबाईलवर वाहनांचे फोटो काढायचे नाहीत, कारवाई ई-चलन मशीननेच करायची, असा आदेश निघाला. वाहतूकदारांच्या तक्रारी होत्या की पोलीस फोटो काढून ठेवतात आणि सवडीने चलन टाकतात. तक्रार खोटी नव्हती. मी सेवेत असताना माझ्या फोनच्या गॅलरीत नातवाच्या बारशाच्या फोटोंच्या अध्येमध्ये परक्या माणसांच्या गाड्या असत. मागे बसलेल्या बायका, पुढे उभं केलेलं पोर, सगळं असे. ते बरं नव्हतं. उद्या कोर्टात उलटतपासणी झाली असती तर माझा फोनच जमा करावा लागला असता. तेव्हा आदेशाला माझा विरोध नाही.

माझा विरोध आहे तो आदेशाच्या पुढच्या कोऱ्या पानाला. जे साधन चुकीचं पण चालत होतं ते काढून घेतलंत, आणि त्या जागी काय देणार ते लिहिलंच नाहीत. हेल्मेट, नो पार्किंग, ट्रिपल सीट यांत फार बिघडत नाही. गाडी चालवताना मोबाईलवर टाईप करणाऱ्या माणसाच्या बाबतीत मात्र चौकातल्या पोलिसाचे हात पूर्ण रिकामे झालेत.

का, ते सांगतो. हेल्मेट नसलेलं डोकं शंभर मीटरवरून दिसतं आणि चौक ओलांडेपर्यंत तसंच राहतं. चुकीच्या जागी लावलेली गाडी तर कुठे पळत नाही. मोबाईलचा गुन्हा तीन सेकंदांचा. मान खाली, अंगठा हलला, मान वर, संपला. मशीन खिशातून काढा, लॉगिन टिकून आहे का बघा, कॅमेरा उघडेपर्यंत थांबा. तोवर समोरच्याने पोलीस पाहून फोन मांडीखाली सरकवलेला असतो आणि चेहऱ्यावर साईबाबांचा भाव असतो. एका पॉइंटवर तीन माणसांत एक मशीन, आणि संध्याकाळच्या गर्दीत त्याचीही बॅटरी लाल, हे माझ्या ड्युटीचं रोजचं चित्र होतं. माझ्या हाताखाली शिकलेली पोरं आज त्याच चौकांत उभी आहेत; त्यांच्याशी बोलतो तेव्हा फारसं बदललेलं दिसत नाही.

साठच्या वेगाने जाणारी गाडी सेकंदाला साडेसोळा मीटर कापते. तीन सेकंद मान खाली म्हणजे पन्नास मीटर आंधळे. शाळेसमोरच्या रस्त्यावर पन्नास मीटरात काय काय असतं, ते मी आपल्याला सांगायला नको.

एक प्रसंग लिहितो, कारण तो सांगितल्याशिवाय बाकीचं कळणार नाही. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. सकाळची कॉलेजची वेळ. एक मुलगा स्कूटरवर, डावा हात हँडलवर, उजवी मूठ मनगटाने दाबलेली, आणि बोटांत फोन. डोळे पूर्ण फोनात. मी दोन पावलं पुढे झालो, शिट्टी मारली, हात आडवा केला. नियमाने बरोबर. मोटार वाहन कायद्याचं कलम ११९ सांगतं की रहदारी सांभाळणाऱ्या पोलिसाची सूचना चालकाने पाळायची. पण ज्याचं लक्षच रस्त्यावर नाही, त्याला अचानक थांबवणं म्हणजे झोपेतल्या माणसाला हाक मारून जिन्यावर उठवणं. त्याने दचकून वर पाहिलं, पुढचा ब्रेक करकचून दाबला आणि गाडी आडवी झाली. त्याचा हात मोडला. मागून येणारी बस वेळेत थांबली म्हणून एवढ्यावर भागलं.

फोन लांब उडाला होता, तो पानटपरीवाल्याने उचलून आणून माझ्या हातात दिला. स्क्रीन चालू होती. मी पाहिलं नाही. पाहायचा मला अधिकारही नव्हता. दुपारी वडील चौकीवर आले. त्यांचं म्हणणं एकच: "तुम्ही मध्ये आलात म्हणून पोरगं पडलं." माझ्याकडे फोटो नव्हता, व्हिडिओ नव्हता. मुलगा म्हणाला फोन खिशात होता, पडताना बाहेर आला. माझा जबाब झाला, खुलासा मागवला गेला, महिन्याभराने प्रकरण मिटलं. मोबाईलची केस अर्थातच झाली नाही. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत चालत्या रहदारीत टाईप करणाऱ्या दुचाकीस्वाराला मी आडवा गेलो नाही. हे कबूल करायला लाज वाटते, पण खरं आहे. माझ्यासारखे किती असतील याची मोजदाद कुठल्याच तक्त्यात नाही.

आता एकेक अडचण मांडतो.

कायदा काय म्हणतो, तिथूनच घोळ आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि कलम १८४ मध्ये, म्हणजे धोकादायक वाहन चालवण्याच्या कलमात, 'हातात धरलेलं संपर्काचं साधन' वापरणं स्पष्ट लिहिलं गेलं. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १ हजार ते ५ हजार दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांत पुन्हा सापडला तर १० हजार. आपल्या राज्यात वाढीव दंड लागू व्हायला डिसेंबर २०२१ उजाडला, ते सोडून देऊ. पण 'हातात धरलेलं' म्हणजे काय? मान वाकडी करून खांद्यात दाबलेला फोन हातात आहे का? हेल्मेटमध्ये गालाशी खोचलेला? हँडलवरच्या स्टँडला लावलेला, पण बोटाने टाईप करणं चाललेला? सिग्नलला थांबून मेसेज लिहिणारा 'गाडी चालवतोय' की नाही? यातला प्रत्येक सवाल मला रस्त्यावर कुणी ना कुणी विचारला आहे. दोनदा तर कायद्याच्या विद्यार्थ्यांनी. आणि प्रत्येक वेळी मी आवाज चढवून उत्तर दिलं, कारण माझ्याकडे दुसरं उत्तर नव्हतं.

त्यात १ ऑक्टोबर २०२० पासून केंद्राच्या नियमात आणखी एक दार उघडलं: चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने, फक्त रस्ता शोधण्यासाठी फोन वापरायला परवानगी. नियम शहाणपणाचाच आहे, नकाशाशिवाय आज कोण चालवतो? पण तेव्हापासून सापडलेला प्रत्येक माणूस म्हणतो, "मामा, मॅप बघत होतो." तो मॅप बघत होता की बायकोला उत्तर देत होता, हे मी कसं सिद्ध करायचं? फोन हिसकावून बघता येत नाही, आणि बघताही कामा नये. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आहे. कॉलचा तपशील कंपनीकडून मागवायचा तर पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची मंजुरी लागते. हजार-दोन हजारांच्या चलनासाठी तो कागद कोण हलवणार? आणि हलवला तरी व्हॉट्सॲपचा मेसेज त्या तपशिलात येत नाही. ब्रिटनने असाच घोळ झाल्यावर २०२२ मध्ये कायद्याचे शब्द बदलले आणि हातातल्या फोनचा जवळजवळ कुठलाही वापर गुन्ह्यात आणला. आपण अजून 'संपर्क' या शब्दाला लटकून आहोत. संपर्क न करता रील बघणारा कुठे बसवायचा?

दुसरी अडचण नंबर प्लेटची. ती कार्यालयात बसून लक्षात येत नाही. दुचाकीवरचा मोबाईल पुढून दिसतो आणि नंबर धडपणे मागून वाचता येतो. पुढची पाटी एक तर नसते, नाहीतर 'आई-बाबांचा आशीर्वाद' आणि कुठल्या तरी दादाचा फोटो यांच्यामध्ये हरवलेली असते. एका फोटोत फोनही हवा, चेहराही हवा, नंबरही हवा. हे मशीनने, चालत्या गाडीचं, एका माणसाने टिपायचं. मोटारीत तर विचारूच नका. काचेतून किमान किती उजेड आत आला पाहिजे ते नियमात आहे: पुढून ७० टक्के, बाजूने ५० टक्के. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये काळ्या फिल्मवर बंदी घातली, पुढे नियम पुन्हा हलले, आणि काच मोजायचं मीटर चौकातल्या पोलिसाकडे कधीच नव्हतं. आत मांडीवर फोन आहे की डबा, बाहेरून काय कळणार?

तिसरी गोष्ट लायसन्सची, आणि इथे मला अजूनही हसू येतं. दंडापेक्षा माणूस लायसन्सला घाबरतो. म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्येच राज्यांना सांगितलं होतं की मोबाईलवर बोलत चालवणाऱ्याचं लायसन्स किमान तीन महिने निलंबित करा. पुढे कायद्यातच आलं: कलम २०६ प्रमाणे पोलिसाने लायसन्स ताब्यात घ्यायचं, आरटीओकडे पाठवायचं, पहिल्या वेळी तीन महिने निलंबन, पुढच्या वेळी रद्द. कागदावर यापेक्षा चांगली तरतूद नाही. प्रत्यक्षात मी विचारतो, "लायसन्स दाखव." तो दाखवतो, डिजिलॉकरमध्ये. म्हणजे ज्या मोबाईलसाठी धरला, त्याच मोबाईलमध्ये लायसन्स! जप्त काय करू? ऑनलाईन जप्तीची नोंद पोर्टलवर करता येते, हे नियमात आहे हे मला ठाऊक आहे. माझ्या सगळ्या नोकरीत ती कशी करायची हे शिकवायला कुणी आलं नाही, आणि आम्ही कागदावर पाठवलेल्या लायसन्सांचं आरटीओत पुढे काय झालं, याचं उत्तर मला एकदाही परत आलं नाही.

शिवाय चलन बसतं गाडीच्या नंबरावर. गुन्हा चालकाचा. गाडी बापाची, चालवणारा मुलगा. मेसेज जातो बापाच्या दहा वर्षांपूर्वीच्या, बंद पडलेल्या नंबरावर. मग दुसऱ्यांदा सापडलेला माणूस तोच आहे हे ठरवायचं कशावरून आणि १० हजारांचा दंड लावायचा कुणाला? थकलेल्या ई-चलनांची रक्कम राज्यात हजारो कोटींच्या घरात गेली आहे. लोक लोकअदालतीची वाट बघत बसतात, तिथे सवलत मिळते म्हणून. थांबणाऱ्याला सूट आणि लगेच भरणाऱ्याला पूर्ण रक्कम, हा हिशेब माझ्या चौकातल्या भाजीवाल्यालाही पाठ होता.

जिवाचं थोडक्यात लिहितो. २०१६ साली मुंबईत खारला हेल्मेट नसलेल्या मुलाला हटकलं म्हणून हवालदार विलास शिंदे यांच्या डोक्यात बांबू बसला आणि ते गेले. बोनेटवर फरफटत नेलेल्या पोलिसांचे व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिलेत. मोबाईलवाला माणूस पकडला गेला की त्याच मोबाईलवरून पहिला फोन नगरसेवकाला, आणि मग फोन माझ्यापुढे: "घ्या, बोला." मी किती वेळा बोललो, ते लिहीत नाही.

आमचंही सांगतो, नाहीतर वाचणारे म्हणतील हवालदार फक्त रडतोय. आमच्यातले काही चिरीमिरी घेतात. मोबाईलच्या केसमध्ये पुरावा नसल्यामुळे ती घेणं आणि देणं दोन्ही सोपं. आमच्यातले काही गणवेशात, बुलेटवर, कानाला फोन लावून जातात, आणि लोक त्यांचे फोटो काढतात ते योग्यच करतात. चौकात पोलीस मोबाईलमध्ये डोकं घालून उभा असतो ही तक्रारही बरोबर आहे. फक्त एवढं जोडतो की बंदोबस्त, ताफा, रस्ता बंद, हे सगळे आदेश वरून त्याच मोबाईलवरच्या ग्रुपवर येतात आणि 'पाहिलं का' म्हणून विचारणाही होते.

शेवटचा मुद्दा आकड्यांचा. केंद्राच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेली. त्यात मोबाईलच्या वापरामुळे मेलेले दोन टक्क्यांच्या आसपास दाखवलेत, आणि अतिवेगामुळे सत्तर टक्क्यांहून अधिक. मी कित्येक पंचनाम्यांना हजर होतो. अपघातानंतर कारणाच्या रकान्यात 'अतिवेग' लिहिणं सगळ्यांत सोपं, कारण त्याला कुणी पुरावा मागत नाही. चालकाचा फोन ताब्यात घेऊन अपघाताच्या मिनिटाला त्यावर काय चाललं होतं हे तपासलेलं मी एकाच प्रकरणात पाहिलं, तेही मयत मोठ्या घरातला होता म्हणून. आकडा लहान राहतो, म्हणून विषय लहान राहतो, म्हणून पैसा येत नाही.

होऊ शकत नाही असं मात्र नाही. जुलै २०२४ पासून मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर कॅमेऱ्यांची यंत्रणा सुरू झाली. ती सतरा प्रकारचे नियमभंग टिपते, त्यात मोबाईल आहे. केरळने जून २०२३ मध्ये राज्यभर ७२६ कॅमेरे कामाला लावले, त्यातले बहुतेक हेल्मेट, पट्टा आणि मोबाईलसाठी. आणि मार्च २०२५ मध्ये दादर–स्वारगेट ई-शिवनेरीचा चालक क्रिकेटचा सामना बघत बस चालवत होता, तो सापडला कसा? प्रवाशाने व्हिडिओ काढून थेट मंत्र्यांना पाठवला आणि चालकाची नोकरी गेली. प्रवाशाच्या खासगी मोबाईलवरचा व्हिडिओ चालला. ते चुकलं असं मी म्हणत नाही. पण मग त्याच रस्त्यावरच्या पोलिसाला काय द्यायचं, हे ठरवा ना.

माझ्या मागण्या या:

१. परिपत्रक राहू द्या. पण प्रत्येक पॉइंटवर किमान दोन अंगावरचे कॅमेरे द्या, सरकारी आणि रीतसर प्रमाणपत्र असलेले. केंद्रीय मोटार वाहन नियम १६७-अ मध्ये ते २०२१ पासून लिहिलेलंच आहे. जुलै २०२४ पासून नवा साक्ष अधिनियम आहे. त्याच्या कलम ६३ चं, म्हणजे डिजिटल पुराव्यासोबत जोडायचं प्रमाणपत्र कुणी आणि कसं द्यायचं, त्याचा एकच नमुना सगळ्या राज्याला द्या. कॅमेरा असला की पोलिसाने पैसे मागितले तेही दिसेल. ते दिसावं, अशीच माझी इच्छा आहे.

२. 'हातात धरलेलं' म्हणजे काय, याचं एक पानी मार्गदर्शन मराठीत काढा: खांदा, हेल्मेट, स्टँड, सिग्नल, नकाशा, रील. आणि कायद्याचे शब्द बदलावेत म्हणून केंद्राला लिहा.

३. शहरांतले चौकातले कॅमेरे मुख्यतः लाल दिवा आणि थांबारेषा बघतात. मोठ्या रस्त्यांवर तरी पुढून, वरून बघणारे बसवा.

४. जिथे चालक प्रत्यक्ष थांबवला आहे, तिथे चलन गाडीसोबत त्याच्या लायसन्स नंबरावरही चढलं पाहिजे. आरटीओने निलंबन केलं की नाही, ते पाठवणाऱ्या पोलिसाला मेसेजने कळवा.

५. चालत्या रहदारीत टाईप करणाऱ्याला एकट्या पोलिसाने आडवं जायचं नाही. एकाने टिपायचं, पुढच्या सिग्नलवर दुसऱ्याने थांबवायचं, अशी कार्यपद्धती लेखी द्या आणि तेवढी माणसं द्या. त्यासाठी दिवसाच्या केसेसचं टार्गेट बंद करावं लागेल, कारण टार्गेट असलं की पोलीस नो पार्किंगकडेच वळतो. मीही वळायचो.

६. ॲपवर गाड्या आणि डिलिव्हरी चालवणाऱ्या कंपन्यांना परवाना देताना अट घाला की गाडी हलत असताना नवी ऑर्डर स्क्रीनवर स्वीकारायला लावायची नाही. पोराला दंड करून मी थकलो. त्याला दहा सेकंदांत बटण दाबायला लावणारा कुठल्या चौकात येतच नाही.

७. मृत्यू झालेल्या प्रत्येक अपघातात चालकाचा फोन रीतसर ताब्यात घेऊन तपासणं सक्तीचं करा.

यातल्या निम्म्या गोष्टींना पैसा लागत नाही, एका सहीवर होतील.

आणि एक विनंती. कुठल्याही कामाच्या दिवशी सकाळी साडेनऊ ते साडेदहा माझ्यासोबत एका चौकात उभे राहा. चौक आपण निवडा. ताफा नको, आधी कळवणं नको. हातात खात्याचं एक ई-चलन मशीन घ्या. मी फक्त बोट दाखवीन, फोटो आपण काढायचे. तासाभरात मी किती दाखवले आणि मशीनमध्ये किती आले, तेवढं मोजू. चहा माझ्याकडून.

आपला,
वाहतूक शाखेतला एक निवृत्त सहायक पोलीस उपनिरीक्षक